दंडचालित गाडीची मागील पेटी

मॅक्स फ्रिट्झ यांनी १९२३ साली रचलेल्या ‘बीएमडब्ल्यू आर ३२’पासून या घराण्याच्या बहुतेक मोटारसायकलींत साखळीऐवजी दंड फिरतो आणि त्याची गती मागील चाकाशी काटकोनात वळविण्याचा कारभार पिनियन व मोठे दंतचक्र या जोडीच्या सुपूर्द असतो. ही जोडी असलेल्या मागील पेटीतल्या जुन्या तेलात धातूचे तुकडे (केवळ बारीक भुकटी असेल, तर तक्रार नाही) आढळले, तर मोठ्या चक्राचे बेअरिंग निकामी होत आल्याची शंका घ्यावी. नवे बेअरिंग बसविणे त्या मानाने सुलभ. खरी कसोटी शिमांची, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्यांची, कारण त्यांच्या जाडीत मिलिमीटरच्या काही शतांशांची तफावत राहिली, तरी बेअरिंगवरील दाब बिघडून तेही अल्पावधीत बरबाद होते. म्हणून जुन्या शिमांवर भिस्त न ठेवता मायक्रोमीटरने मोजणी करावी, दातांना निळा रंग लावून स्पर्शाचा ठसा तपासावा आणि ऑइल सील निरपवाद नवेच घालावे.