इंग्रजी लेखनातील प्रमाद आणि मराठीची घडण

मराठीभाषक पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या इंग्रजी प्रबंधांत आढळणारे व्याकरणदोष हे केवळ निष्काळजीपणाचे फळ होय, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु हे दोष सुटे सुटे न पाहता त्यांची वर्गवारी केली, तर त्यांत लक्षणीय नियमितपणा दिसून येतो. या नियमितपणाचे मूळ कोठे आहे, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

प्रथम काळाचे उदाहरण घेऊ. ‘मी हे हस्तलिखित काल पाहिले आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्याच धर्तीवर रचलेले ‘आय हॅव सीन धिस मॅन्युस्क्रिप्ट यस्टर्डे’ हे वाक्य मात्र अशुद्ध ठरते. मराठीतील ‘आहे’युक्त रूप ‘काल’ या शब्दासह सुखाने नांदते. इंग्रजीत सरलेल्या काळाचा असा स्पष्ट निर्देश आला की ‘आय सॉ’ हा साधा भूतकाळच योजावा लागतो. ‘ऑल्दो’ने आरंभिलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ घातला जातो, तोही मराठीतील ‘जरी–तरी’ या जोडीच्या सवयीने. इंग्रजीत या दोहोंपैकी एकच अव्यय पुरते.

उपपदांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. त्यामुळे ती गाळली गेल्याचे लेखकाच्या ध्यानातही येत नाही. ‘अ फ्यू स्कॉलर्स ॲक्सेप्ट धिस व्ह्यू’ म्हणजे काही थोडे अभ्यासक हे मत मानतात. यातील ‘अ’ गळताच, हे मत मानणारे अभ्यासक जवळजवळ नाहीतच, असा अर्थ होतो. येथे केवळ व्याकरण बिघडत नाही, प्रतिपादनच उलटते.

मातृभाषा व परभाषा यांच्या तुलनेवरून अध्ययनातील अडचणींचे भाकीत करता येते, ही भूमिका रॉबर्ट लॅडो यांनी १९५७ मध्ये सविस्तर मांडली. तथापि सर्वच प्रमादांचा उलगडा तिने होत नाही. ‘इन्फॉर्मेशन्स’ हे रूप पाहावे. मराठीतील ‘माहिती’ हा शब्दही एकवचनीच वापरला जातो. तेव्हा हा दोष मराठीच्या माथी मारता येत नाही. इंग्रजीतील अनेकवचनाचा नियम विद्यार्थ्याने त्याच्या मर्यादेपलीकडे नेला, इतकेच. असे प्रमाद हे विद्यार्थ्याच्या मनात घडत असलेल्या नियमव्यवस्थेचे पुरावे होत, हे एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. त्या व्यवस्थेसच पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी अंतरभाषा या अर्थाची संज्ञा दिली.

यावरून अध्यापकाचे कर्तव्य स्पष्ट होते. चुकलेल्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढल्याने दोष दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. जेथे मराठीचा प्रभाव असेल, तेथे मूळ मराठी रचना शेजारी मांडून दोहोंतील भेद दाखवावा. जेथे इंग्रजीचाच नियम ताणला गेला असेल, तेथे त्या नियमाची मर्यादा सांगावी. आणि ज्या प्रमादाने प्रबंधातील विधानाचा अर्थ पालटतो, त्याची दुरुस्ती सर्वांआधी करावी.