नाताळचे ताट

डिसेंबरचा पहिला पंधरवडा सरला की गोव्यातील ख्रिस्ती घरांतून आटणाऱ्या नारळाच्या रसाचा आणि माडाच्या गुळाचा वास येऊ लागतो. दारात कागदी तारा लटकतो, ओसरीच्या कोपऱ्यात गवताचा गोठा उभा राहतो, आणि नाताळच्या सुमारास रुमालाने झाकलेली ताटे या दारातून त्या दारात जाऊ लागतात. या ताटाला इथे ‘कोन्सुआद’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे. पोर्तुगालमध्ये तो २४ डिसेंबरच्या रात्रीच्या कौटुंबिक जेवणाला लावतात; गोव्यात मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना धाडायचा घरगुती खाऊ, असा त्याचा अर्थ झाला. घरातल्या घरात व्हायचे ते इथे उंबरठा ओलांडून बाहेर पडले.

आपल्या मराठी घरांना या ताटाची वेगळी ओळख करून द्यायला नको. चवथीला आणि दिवाळीला आपणही तेच करतो. त्यांच्या ताटातली नेवरी ही आपली करंजीच. चण्याच्या डाळीचा ‘दोस’ हा आपल्या पुरणाचाच नारळ घातलेला भाऊ. धर्मन्यायालयाचा अंमल गोव्यावर १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, चालला. १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांच्या घरांतील अनेक जुन्या चाली, अगदी मीठ न घालता भात शिजवणेसुद्धा, निषिद्ध ठरवल्या. नेवरी मात्र दोन्ही घरांत राहिली. आज आपल्या दारी नाताळचे ताट येते तेव्हा इतका सगळा इतिहास त्या रुमालाखाली झाकलेला असतो.

अलीकडे तयार खोक्यांची सोय झाली आहे. २०२३ मध्ये गोव्याच्या बिबिंकेला भौगोलिक मानांकन मिळाले. ती सुबक वेष्टनात दुकानोदुकानी मिळते, आणि ज्यांना सवड नाही त्यांनी ती जरूर घ्यावी. परंतु शेजाऱ्याला द्यायच्या ताटात निदान दोन-तीन जिन्नस तरी आपल्या हातचे असावेत, असे आम्हांस वाटते. शेजारच्या ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर बसून हे ताट करावयाचे असेल, अथवा परगावच्या आप्तांना गोव्याची आठवण धाडावयाची असेल, तर पुढील माहिती उपयोगी पडेल.

प्रथम हिशेब करावा. किती घरे, प्रत्येक घरात किती माणसे, आणि कोणाला काय चालते. ताट भरण्याआधी हा शेवटचा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. बिबिंका अंड्याच्या बलकावाचून होत नाही. रव्या-नारळाचे ‘बात्क’ आणि ‘बोलिन्य’ यांतही अंडे असते. उलट दोस, दोदोल आणि पेराद यांत अंडे नसते. नेवरी आणि कुलकुल अंड्याशिवाय उत्तम होतात. अंडे वर्ज्य असलेल्या घरासाठी या पाच जिनसांचे ताट भरगच्च दिसते. दोन्ही प्रकार एकाच ताटात मात्र मांडू नयेत.

सर्वांत आधी पेराद करावा, कारण तो पुष्कळ दिवस टिकतो आणि पेरूही याच दिवसांत चांगले मिळतात. पिकलेले पेरू थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून गाळावेत, म्हणजे बिया निघतात. एक किलो गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घालून जाड बुडाच्या भांड्यात सतत ढवळावे. थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळली की तूप लावलेल्या ताटात थापावे आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडाव्यात. आटताना गर उडतो. हाताला फडके गुंडाळून लांब दांड्याचा कालथा घ्यावा.

त्यानंतर कुलकुल. अर्धा किलो मैदा, सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन एकत्र करून नारळाच्या रसात घट्ट भिजवावे व अर्धा तास झाकून ठेवावे. बोराएवढ्या गोळ्या तेल लावलेल्या काट्यावर अथवा कोऱ्या फणीवर दाबून वळाव्यात आणि मध्यम आचेवर तळाव्यात. हे काम एकटीचे नव्हे. घरातली मुले भोवती बसली तर तासाभरात परात भरते. नेवऱ्याही याच सुमारास उरकाव्यात. टिकवायच्या असतील तर सारणात ओल्या नारळाऐवजी भाजलेले सुके खोबरे वापरावे.

दोस आणि दोदोल नाताळच्या तीन-चार दिवस आधी करावेत. दोसासाठी अर्धा किलो चण्याची डाळ मऊ शिजवून, निथळून, एका मोठ्या खोवलेल्या नारळाबरोबर बारीक वाटावी. पाऊण किलो साखर व चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर ढवळावे. गोळा कडा सोडू लागला की दोन चमचे तूप आणि वेलचीपूड घालावी, थापावे आणि कोमट असतानाच शंकरपाळ्यासारखे कापावे. चाळीस-पन्नास वड्या सहज होतात.

दोदोल हा खरा कसोटीचा पदार्थ. पाव किलो तांदळाचे पीठ, अर्धा ते पाऊण किलो माडाचा काळा गूळ आणि तीन नारळांचा रस. गूळ पातळ रसात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात कचरा असतो. त्यात पीठ कालवून, गुठळी होऊ न देता ढवळावे. दाटले की घट्ट रस आणि काजूचे तुकडे घालावेत. मग ढवळणे थांबवता येत नाही. गोळा चकचकीत होऊन कडेने तेल सुटेपर्यंत दीड-दोन तास जातात, आणि शेवटी शेवटी एका माणसाचा हात पुरत नाही.

ताट लावताना ओले आणि कुरकुरीत यांची संगत टाळावी. दोदोलाशेजारी ठेवलेला कुलकुल रात्रीत मऊ पडतो. वड्यांच्या थरांमध्ये पुसून कोरडी केलेली केळीची पाने घालावीत. बांबूची परडी अथवा स्टीलचा डबा आणि वर धुवट रुमाल एवढी सजावट पुरे. टपालाने धाडायचे झाल्यास पेराद, कुलकुल आणि सुक्या खोबऱ्याच्या नेवऱ्या निवडाव्यात. दोदोल जाणाऱ्या माणसाच्या हातीच द्यावा. नारळाचे तेल उन्हाच्या तावात खवट होते.

आता ज्यासाठी हे सारे सांगितले ते. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, असे आपल्याकडे घरोघरी शिकवतात. शिकवण चांगली आहे. पण तिच्यामुळे देणे म्हणजे परतफेड असे मनात बसण्याचा धोका असतो. कोन्सुआदेची चाल याहून मोठी आहे. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तिथे नाताळचा खाऊ करीत नाहीत; तिथे शेजारी ताट धाडतात, आणि त्या वर्षी परतीची अपेक्षा कोणी धरीत नाही. आपल्याकडेही दुःखाच्या वर्षी कढई चढत नाही, फराळ शेजारून येतो. ज्याला परत देता येत नाही त्याच्याकडे आधी जाणारे ताट, तेच खरे ताट.

आज गोव्यात दुःखाशिवायही अशी घरे आहेत. मुले आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात. मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे, आणि दोदोल ढवळायला हात नाही. त्यांचे ताट आले नाही म्हणून आपणही थांबावे काय? तसे करू नये. जमले तर ताटाच्याही आधी जावे, बाह्या वर साराव्यात आणि त्यांच्याच चुलीवर त्यांच्या सांगण्याप्रमाणे तासभर कालथा फिरवावा. प्रमाण कागदावर उतरवून घेता येते. गोळा केव्हा उतरवायचा ते मात्र त्या जाणत्या डोळ्यांशेजारी उभे राहूनच कळते. ते कळलेले माणूस आपल्या घरात एक तरी असले, तर पुढच्या नाताळातही त्या दारातून ताट निघेल.