तोतया साहेबांचा छापा

आंबिवली स्थानकाजवळच्या वस्तीचं नाव पोलिसांच्या तपासात वारंवार येतं, ते सोनसाखळी चोरी आणि तोतया पोलिसांच्या गुन्ह्यांमुळे. (मूठभरांच्या करणीचा ठपका अख्ख्या वस्तीला सोसावा लागतो, हेही तितकंच खरं.) पद्धत ठरलेली. साध्या कपड्यांतला ‘साहेब’ वाटेत वयस्कर माणसाला अडवतो, पुढे लुटालूट झाल्याचं सांगतो, दागिने उतरवायला लावून कागदात बांधून देतो. घरी पुडी उघडली की आत खडे.

याच सोंगाचं सर्वांत धाडसी रूप मुंबईने १९८७ साली पाहिलं. मोनसिंग नावाने वावरणाऱ्या इसमाने १७ मार्चला वृत्तपत्रात ‘गुप्तचर अधिकारी हवेत’ अशी जाहिरात दिली, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या आणि २६ जण निवडले. १९ मार्चच्या दुपारी ही मंडळी सीबीआयचं पथक म्हणून ऑपेरा हाऊसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीत शिरली. ‘नमुने’ म्हणून दागिने पिशव्यांत सीलबंद झाले आणि सुमारे ३० ते ३५ लाखांचा ऐवज घेऊन मोनसिंग बाहेर पडला. निवडलेले उमेदवार पेढीतच त्याची वाट पाहत राहिले. आपण खऱ्या छाप्यावर आलोय, अशीच त्यांची समजूत होती. नोकरीच्या आशेने आलेल्या या माणसांची फसवणूक सोन्याच्या चोरीहून अधिक जिव्हारी लागते.

मोनसिंग कधीच सापडला नाही.