घंटी वाजवली होती का?

मी सातवीत होतो. आमच्या बीबीत गल्लीतून सायकल दामटत मोठ्या रस्त्यावर आलो आणि दूधवाल्या काकांच्या सायकलवर धडकलो. कॅन आडवी झाली, दूध मातीत गेलं, माझं ढोपर फुटलं. लगेच माणसं जमली आणि एकच चर्चा : चूक कुणाची? कुणी म्हणालं, पोरानं घंटी वाजवली नाही. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याला दिसत नाही. ‘वाजवली होती!’ मी ठासून सांगितलं. अब्बांनी दुधाचे पैसे दिले, प्रकरण मिटलं.

मिटलं कसलं! पावसाळा सरायच्या आत त्याच तोंडाशी एक मुलगी पडली.

आपल्याकडे अपघात झाला की आधी दोषी शोधतात. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्याला शिक्षा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण दोषी सापडला की चौकशी थांबते आणि वळण तसंच राहतं. शिवाय अंगावर येणार म्हटल्यावर खरं कोण सांगेल?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 माणसं दगावली. त्याच वर्षी सेव्ह लाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी तिथं वेगळी रीत धरली. अपघाताच्या जागी जाऊन पाहायचं : गाडी कुठून घसरली, कशावर आदळली, तो खांब उघडा का होता? मग तिथं लोखंडी कठडे बसवले, थांबलेल्या ट्रकांकडे लक्ष दिलं. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. स्वीडनच्या संसदेनं तर 1997 सालीच मान्य केलं की माणूस चुकणारच; चुकला तरी जीव जाऊ नये, ही जबाबदारी रस्ता बांधणाऱ्याचीही आहे. सायकलवाल्याला हे जास्तच लागू. त्याच्याभोवती ना पत्रा, ना पट्टा.

अब्बांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. ती मुलगी पडल्यावर एका सकाळी त्यांनी मला सायकलीवर बसवून त्या तोंडाशी उभं केलं. ‘‘इथून काका दिसतात का बघ.’’ दिसत नव्हते. कोपऱ्यावरच्या काटेरी कुंपणावर वेल माजला होता. उभ्या माणसाला त्यावरून रस्ता दिसे, सायकलीवरच्या पोराला नाही.

‘‘अब्बा, मी घंटी वाजवली नव्हती,’’ मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. कुंपणवाल्याला विचारून कोयता घेऊन आले आणि कंबरेइतकं छाटून टाकलं. काका पुढंही त्याच रस्त्यानं दूध आणत. त्या कोपऱ्यावर मात्र लांबूनच घंटी वाजवत.