पुढे आलेली बोट हरते कशी? कॅटमरान शर्यतीतला हॅन्डीकॅप

मेढ्याहून बामणोलीकडे उतरलं की शिवसागर दिसतो. कोयनेच्या धरणानं अडवलेलं हे पाणी जावळीच्या डोंगररांगांतून लांबवर आत शिरलं आहे. तापोळ्याला सोळशी येऊन मिळते, पलीकडे कांदाटी खोरं. या पाण्यावर आजवर लाँच धावल्या. मार्च २०२४ मध्ये मुनावळ्याला राज्य सरकारचं जलपर्यटन केंद्र सुरू झालं आणि पाण्यावरच्या खेळांची चर्चा तालुक्यात घरोघरी पोचली. शिडाच्या बोटींच्या क्लबशर्यती इथे अजून रुजायच्या आहेत. त्या रुजाव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि रुजताना पहिलं भांडण कशावरून होईल तेही ठाऊक आहे. हॅन्डीकॅपवरून.

कॅटमरान म्हणजे दोन अरुंद सांगाड्यांची, मध्ये ताणलेल्या जाळीवर माणसं बसतात ती हलकी बोट. क्लबात अशा दहा बोटी असल्या तरी त्या दहाही एका साच्यातल्या नसतात. एखादी होबी १६ असते, एखादी फॉर्म्युला १८, एखादी कुणाकडून जुनी घेतलेली. होबी १६ पाच मीटरपेक्षा किंचित लांब, वजन १४५ किलो. फॉर्म्युला १८ साडेपाच मीटर लांब, वजन १८० किलो, पण तिला पुढे फुग्यासारखं फुलणारं स्पिनेकर हे भलंमोठं जादा शीड असतं. दोघींना एकाच वेळी सोडलं तर दुसरी पुढे जाणार, हे सांगायला जाणकार लागत नाही. मग शर्यत कसली?

यावर एक उपाय मुंबईनं फार पूर्वीच केला. रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या सीबर्ड बोटी गेटवेसमोर एकमेकींशीच धावतात. १९८२ च्या एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं ते फायरबॉल वर्गात, म्हणजे समोरच्या सगळ्या जोड्याही फायरबॉलवरच होत्या. बोट सारखी असली की फरक उरतो तो माणसांचा. आपल्या सातारा-सांगलीच्या बैलगाडी मैदानात दात बघून आदत, दुसा, चौसा असे गट पाडतात, तोच हा विचार. पण गट पाडायला प्रत्येक गटात पुरेशा बैलजोड्या लागतात. चार माणसांकडे चार प्रकारच्या बोटी असलेल्या नव्या क्लबात गट पाडले, तर प्रत्येक गटात एकच स्पर्धक उरेल. अशा क्लबाला एकच मार्ग राहतो: सगळ्यांना एकत्र सोडायचं, प्रत्येकाची वेळ घ्यायची आणि ती वेळ बोटीच्या आकड्यानं, म्हणजे तिच्या हॅन्डीकॅपनं किंवा रेटिंगनं, भागायची.

गैरसमज सुरू होतात ते इथूनच.

सर्वांत चिवट गैरसमज असा, की हॅन्डीकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला दिलेली सवलत. तो आकडा बोटीचा असतो. सुकाणू कुणाच्या हातात आहे, हे त्या आकड्याला माहीतच नसतं. राष्ट्रीय विजेता होबीवर बसला काय आणि काल शिकलेला मुलगा बसला काय, होबीचं रेटिंग तेच. काही क्लब खेळाडूच्या आधीच्या निकालांवरून वैयक्तिक हॅन्डीकॅप काढतात आणि नवख्यांचा उत्साह टिकावा म्हणून त्यावर वेगळं बक्षीस ठेवतात. चांगली प्रथा आहे. मात्र ती यादी निराळी, हिशेब निराळा. दोन्ही एकत्र कालवले की कोण कशामुळे जिंकलं हे कुणालाच सांगता येत नाही.

हिशेब कसा होतो ते एकदा कागदावर पाहू. समजा, फॉर्म्युला १८ चं रेटिंग १.०० आणि होबीचं १.२०. प्रत्यक्षात आकडे चालू वर्षाच्या अधिकृत यादीतूनच घ्यायचे. इथे भागाकार सोपा राहावा म्हणून हे धरले आहेत. मोठी बोट ५० मिनिटांत, म्हणजे ३००० सेकंदांत आली. होबी आली ५९ मिनिटं ३० सेकंदांनी, म्हणजे ३५७० सेकंदांत. काठावरचा प्रेक्षक साडेनऊ मिनिटांपूर्वीच टाळ्या वाजवून मोकळा झालेला असतो. आता ३५७० ला १.२० नं भागा: २९७५. होबी २५ सेकंदांनी जिंकली. पाण्यावर जे दिसलं आणि फळ्यावर जे लिहिलं गेलं, त्यांतलं अंतर लोकांना खुपतं, आणि खुपणं स्वाभाविक आहे. म्हणून निकाल लावताना प्रत्यक्ष वेळ, रेटिंग आणि दुरुस्त वेळ हे तिन्ही रकाने शेजारी शेजारी लिहावेत. नुसते क्रमांक लावले की कुजबुज सुरू होते.

‘हे आकडे कमिटी आपल्या मर्जीनं लावते’, हीही नेहमीची तक्रार. छोट्या कॅटमरानसाठी जगभर दोन सूत्रं जास्त चालतात. एक एससीएचआरएस, ज्याला वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेची मान्यता आहे. दुसरं टेक्सेल रेटिंग. नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटाला वळसा घालणाऱ्या प्रसिद्ध कॅटमरान शर्यतीचं नाव त्याला आहे. दोन्ही मोजमापांवर चालतात: सांगाड्याची लांबी, प्रत्येक शिडाचं क्षेत्रफळ, बोट आणि माणसं मिळून वजन, आणि शिवाय पाण्यात उतरणारी फळी आहे की नाही. लांबी आणि शीड वेग वाढवतात, वजन कमी करतं. पण सरळ प्रमाणात नाही. शीड दहा टक्क्यांनी वाढवलं तर सूत्राच्या हिशेबानं वेग जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो, कारण वेग वाढला की पाण्याचा आणि हवेचा विरोधही वाढत जातो.

तिसरी पद्धत ब्रिटनची, पोर्ट्समथ यार्डस्टिक. तीत टेप आणि वजनकाटा नसतो. क्लबांनी पाठवलेल्या खऱ्या शर्यतींच्या निकालांवरून आकडा ठरतो. वेळेला १००० नं गुणून त्या आकड्यानं भागायचं. एकसांगाडी डिंगी आणि कॅटमरान एकत्र धावणार असतील तर ही सोयीची. मात्र तिच्यात एक खाच आहे. एखाद्या प्रकारच्या बोटी पट्टीच्या खेळाडूंच्याच हातात असतील, तर निकाल चांगले येतात आणि त्या बोटीचा आकडा कडक होत जातो. मग ती बोट घेणाऱ्या नवख्याला आधीच्यांच्या कौशल्याचा दंड भरावा लागतो. सूत्रात हा धोका नाही; तिथे उलट धोका असतो. आराखडा करणारा हुशार माणूस सूत्राच्या नजरेतून सुटलेलं काहीतरी शोधतो आणि कागदावर मंद, पाण्यावर चपळ अशी बोट बांधतो. छोट्या क्लबानं कॅटमराननाच एकत्र धावू द्यावं आणि सूत्र वापरावं, असं माझं मत आहे. आपल्याकडे निकालांचा साठाच नाही, तर त्यावरून आकडा काढणार कसा?

मोजमाप म्हटलं की प्रामाणिकपणा आला. वजनाचंच घ्या. कॅटमरानच्या दोन्ही सांगाड्यांना मागे पाणी काढायची भोकं असतात, त्यांना बुचं. बूच सैल असलं की सांगाड्यात पाणी शिरतं आणि तशीच बोट काट्यावर चढवली तर वजन जास्त भरतं. जास्त वजन म्हणजे कागदावर मंद बोट, म्हणजे सोयीचं रेटिंग. म्हणून वजन करताना बुचं उघडायची, बोट एका बाजूला कलती करून आतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत जाऊ द्यायचं, जाळी आणि दोर वाळलेले असायला हवेत, आणि हे सगळं शर्यतीच्या सकाळी गडबडीत न करता मोसम सुरू होण्याआधी, सगळ्या मालकांसमोर करायचं. शीड जुनं, ताणून पिशवी झालेलं असलं तरी त्याचं क्षेत्रफळ तेवढंच धरलं जातं. जुन्या कापडाला माफी नाही, कारण ‘किती जुनं’ हे कुणी मोजायचं?

माणसांच्या वजनाबद्दल तर दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. हलक्या जोडीला नेहमीच फायदा, असं एक म्हणतो. जोरदार वाऱ्यात जड जोडीच जिंकते, असं दुसरा. हलक्या वाऱ्यात पहिला बरोबर. १४५ किलोच्या बोटीवर १५० किलोची जोडी म्हणजे एकूण २९५. त्यात ३० किलोंचा फरक पडला तर तो साधारण दहा टक्के झाला. वर सांगितलेल्या प्रकारच्या सूत्रानं तो वेगात तीन टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे तासाभरात पावणेदोन मिनिटं. पण वारा वाढला की बोट एका सांगाड्यावर उचलली जाते आणि तिला खाली दाबून धरायला बाहेर लटकलेल्या माणसांचं वजनच कामी येतं. तेव्हा जड जोडी शीड पूर्ण ताणून ठेवते आणि हलक्या जोडीला वारा सोडून द्यावा लागतो. होबी १६ च्या वर्गनियमांत जोडीचं किमान वजन १२९ किलो आहे. कमी भरलं तर उरलेलं वजन बोटीवर बांधून न्यावं लागतं. फॉर्म्युला १८ मध्ये याहून सुंदर सोय केली आहे: हलक्या जोडीला १९ चौरस मीटरचं स्पिनेकर, जड जोडीला २१ चौरस मीटरचं, आणि पुढच्या छोट्या शिडातही तसाच फरक. न्याय आकडेमोडीत करण्याऐवजी त्यांनी तो कापडातच शिवून टाकला.

आता आपल्या पाण्यावरचा खरा प्रश्न. एक आकडा सगळ्या वाऱ्यांत, सगळ्या पाण्यांत बरोबर असतो, असं मानलं जातं. तसं नसतं. जड एकसांगाडी बोट स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. १६ फूट लांबीच्या अशा बोटीची ही मर्यादा साधारण ५.४ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. हलकी डिंगी वाऱ्याच्या जोरावर पाण्याच्या पाठीवर चढून ती ओलांडते. कॅटमरानचे सांगाडे इतके अरुंद असतात, की त्यांना ती लाट फारशी अडवतच नाही. वारा मेला की चित्र फिरतं: दोन सांगाडे म्हणजे पाण्याला घासणारी कातडी जास्त, आणि हीच बोट जागच्या जागी चिकटल्यासारखी वाटते. म्हणून अमेरिकेतल्या पोर्ट्समथ यादीत वाऱ्याच्या जोरानुसार एकाच बोटीला वेगवेगळे आकडे दिलेले असतात.

शिवसागर किंवा मेढ्याखालचा कण्हेरचा जलाशय समुद्र नव्हे. खोऱ्यात वारा बहुतेक वेळा खोऱ्याच्या रेषेत वळतो, डोंगराच्या सोंडेमागे एकदम पडतो आणि घळीच्या तोंडाशी झोत येतो. पाणी अरुंद असलं की वाऱ्याच्या तोंडावर जाताना सारखी बोट फिरवावी लागते. कॅटमरान सरळ धावण्यात पटाईत, वळण्यात आळशी. त्यातही होबी १६ ला पाण्यात उतरणारी फळी नाही, त्यामुळे ती जास्तच आळशी. फॉर्म्युला १८ ला फळ्या असतात, ती चटकन वळते. अरुंद पाण्यात दहा वळणं जास्त घ्यायला लावणारा मार्ग आखला, तर सूत्रानं होबीला दिलेली मोकळीक तिथेच संपते. उलट, स्पिनेकर फुलवायला जागाच नसलेला मार्ग आखला, तर मोठ्या बोटीवर न वापरलेल्या शिडाचा भार पडतो. मार्ग आखणारा माणूस त्यामुळे रेटिंगच्या सूत्राइतकाच महत्त्वाचा. बोये जितके लांब ठेवता येतील तितके ठेवावेत, वाऱ्यासमोर जाणं आणि वाऱ्यापाठी येणं दोन्ही असावं, आणि बामणोली-तापोळ्याच्या लाँचची वाट कधीही अडवू नये. पलीकडच्या गावांसाठी ती लाँच म्हणजे एसटी आहे.

वारा मध्येच पडला तर? ‘रेटिंग चुकलं’ ही ओरड बहुधा अशाच दिवशी होते. मोठी बोट ५० मिनिटांत आत आली, लगेच वारा पडला आणि होबी पंधरा मिनिटं तरंगत राहिली, तर तिला मिळणारी दहा मिनिटांची मोकळीक कुठल्या कुठे वाहून जाते. तासाभरानं वारा सुटला तर त्याचा लाभ मागच्यांनाच. यात आकड्याची चूक नाही आणि कुणाची लबाडीही नाही. एका शर्यतीवरून रेटिंग जोखूच नये. मोसमभर मालिका घ्यावी, प्रत्येकाचा एखादा वाईट निकाल वगळायची मुभा असावी, आणि मालिका चालू असताना आकड्याला हात लावू नये. आकड्याबद्दल शंका असेल तर ती मोसमानंतर मांडावी, मोजमापांसह. निकाल लागल्यावर बदललेला आकडा बरोबर असला तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

काठावरच्या लोकांना भागाकार नकोच असेल, तर पाठलागाची शर्यत घ्यावी. तीत सर्वांत मंद बोट आधी सुटते. वरच्याच आकड्यांनी होबीला ६० मिनिटं लागणार असतील, तर फॉर्म्युला १८ ला ५०. म्हणून ती दहा मिनिटं उशिरा सोडायची. मग जो आधी पोचेल तो विजेता, डोळ्यांदेखत. यात वेळ पाहणाऱ्याचं काम शेवटी नसून सुरुवातीला असतं: प्रत्येक बोटीची सुटण्याची वेळ आदल्या दिवशी फळ्यावर लावायची, घड्याळ एकच ठेवायचं आणि एकानं पुकारायचं, दुसऱ्यानं शिडावरचा क्रमांक वाचून लिहायचा. कमतरता एवढीच, की सगळ्या बोटी शेवटच्या काही मिनिटांत एकाच ठिकाणी गोळा होतात. ताशी पंचवीस किलोमीटरनं येणाऱ्या दोन सांगाड्यांना अरुंद पाण्यात थांबायला ब्रेक नसतो. त्यामुळे शेवटची रेषा काठाजवळ न ठेवता रुंद पाण्यात ठेवावी, जीवरक्षक जॅकेटशिवाय कुणाला सोडू नये, आणि बचावाची मोटारबोट इंजिन चालू ठेवून रेषेच्या वाऱ्याकडच्या टोकाशी उभी असावी.