हायवेवर हॉटेल आहे? मग हुक्क्याचा कायदा समजून घ्या

मनोरला मस्तान नाक्याच्या अलीकडे-पलीकडे हायवेलगत आपलं हॉटेल असेल, किंवा आत गावात भाड्याने द्यायचं फार्महाउस, तर 'गिऱ्हाइकांसाठी हुक्का ठेवा की' असं सुचवणारा कोणीतरी भेटतोच. हो म्हणण्याआधी कायदा पाहून घ्या.

तंबाखूचा मूळ कायदा केंद्राचा, २००३ सालचा. त्यात हुक्का बारवर वेगळी बंदी नव्हती. २०१७च्या डिसेंबरअखेरीस मुंबईत कमला मिल्सच्या आगीत १४ जीव गेले. हुक्क्याच्या निखाऱ्यांवर ठपका आला आणि सरकार हललं.

काही विषयांत केंद्राचा कायदा राज्याला आपल्यापुरता बदलता येतो. विधिमंडळ दुरुस्ती मंजूर करतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली की ती त्या राज्यापुरती लागू होते. महाराष्ट्राने हे २०१८मध्ये केलं. गुजरातने त्याआधीच, २०१७ला केलं होतं. म्हणजे सीमेवरचा अच्छाडचा नाका ओलांडूनही सुटका नाही.

आता महाराष्ट्राच्या दुरुस्तीतलं कलम ४-अ. कुठल्याही जागी, खानावळीतसुद्धा, हुक्का बार चालवता येत नाही. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड. हुक्क्याचं सामान पोलीस जप्त करू शकतात.

बहुतेक जण फसतात ते 'हर्बल' शब्दाला. बंदी तंबाखूच्या हुक्क्यावर आहे, आमच्यात तंबाखू नाही, असा त्यांचा बचाव असतो. पण पुडीत नेमकं काय आहे ते डब्यावरचा छापील शब्द ठरवत नाही, तपासणी ठरवते. आणि खरोखर तंबाखू नसली, तरी खानावळीच्या परवान्यात हुक्का देण्याची परवानगी येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये बजावलं. तिथे मुलंबाळं, म्हातारी माणसं जेवायला येतात, हे न्यायालयाचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

चिलमीचं गणित निराळं. नुसती चिलीम किंवा गुंडाळायचा कागद जवळ असणं हा अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यात वेगळा गुन्हा नाही. पण सोबत गांजा सापडला की गुन्हा होतो आणि तो ओढायचं साधनही सरकारजमा होऊ शकतं.

फार्महाउसवाल्यांनी याच कायद्याचं कलम २५ जरूर वाचावं. आपल्या जागेत असा गुन्हा होऊ दिला, तोही माहीत असून, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा मालकाला. 'मी फक्त चावी दिली' हे तेव्हा चालत नाही. म्हणून बुकिंग घेतानाच मनाईची अट लेखी घाला, प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र नोंदवा, आणि शंका आली तर ११२ ला किंवा अमली पदार्थांसाठीच्या १९३३ या हेल्पलाइनला लगेच कळवा.