जनतेने लिहिलेले कलम

मतदानाचा हक्क आपणांस कोणी दिला, असे कोणासही विचारले असता ‘घटनेने’ हेच उत्तर मिळेल, आणि ते यथार्थ आहे. भारतीय घटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रौढ मतदानाची ग्वाही दिली. १९८९ साली मतदाराचे वय २१ वरून १८ वर आले. मात्र घटना बदलण्याचा अधिकार आपल्याकडे संसदेचा. गोव्यातील वडीलधाऱ्यांस १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल स्मरत असेल. परंतु त्या दिवशीचा प्रश्नही संसदेच्या कायद्यानेच जनतेपुढे ठेविला होता. नागरिकांनी स्वतः कलम लिहावे आणि ते मतास टाकावे, ही सोय आपल्याकडे नाही.

अमेरिकेत प्रत्येक राज्यास स्वतःची घटना असते, आणि काही राज्यांत ही सोय आहे. त्यांपैकी मिशिगन राज्याची हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मिशिगनच्या १९६३ च्या घटनेप्रमाणे, गव्हर्नरच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या एक दशांश इतक्या मतदारांनी सह्या केल्या, तर घटनादुरुस्ती थेट जनतेपुढे येते. २०२२ साली हा आकडा ४,२५,०५९ होता. मतदानाचे हक्क घटनेत घालू इच्छिणाऱ्या नागरिकांनी साडेसहा लाखांहून अधिक सह्या सादर केल्या.

त्यांची मागणी काय होती? कामकरी माणसास एकाच दिवसाची अडचण होऊ नये म्हणून निवडणुकीपूर्वी किमान नऊ दिवस, रोज आठ तास मतदान खुले असावे. टपालाने मत पाठविणाऱ्याचा टपालखर्च सरकारने सोसावा. परदेशी असलेल्या सैनिकाचे मत निवडणुकीच्या दिवसापर्यंत टपालात पडले असेल, तर ते सहा दिवस उशिरा पोहोचले तरी मोजावे. छायाचित्राचे ओळखपत्र नसलेल्यास सहीचे प्रतिज्ञापत्र देऊन मत देता यावे.

आणखी एक कलम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १७ नोव्हेंबर २०२० रोजी, डेट्रॉइट शहर ज्यात येते त्या वेन जिल्ह्याच्या चार सदस्यांच्या मंडळात निकालास मान्यता देण्यावरून दोन विरुद्ध दोन अशी फूट पडली. त्याच रात्री मान्यता मिळाली खरी, पण लाखो मतांचे भवितव्य काही तास दोन माणसांच्या मर्जीवर लोंबकळत राहिले. म्हणून नव्या कलमात म्हटले, की पडलेल्या मतांच्या अधिकृत नोंदीवरूनच मंडळाने निकालास मान्यता द्यावी. तो त्याचा धर्म आहे, मर्जी नव्हे.

विरोधही झाला. खर्च वाढेल, ओळखपत्राची अट सैल राहील, असे अनेकांस वाटत होते; अट कडक करावी म्हणून दुसऱ्या गटानेही सह्या गोळा केल्या होत्या. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी राज्याच्या मंडळापुढे हा अर्ज आला, तेव्हा तेथेही दोन विरुद्ध दोन मते पडली आणि प्रस्ताव अडला. घटनेच्या कोणत्या कलमांना बाधा येते ते अर्जात पुरेसे नमूद नाही, हा आक्षेप होता. अखेर ८ सप्टेंबर रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी प्रस्ताव मतपत्रिकेवर घेण्याची आज्ञा दिली. ८ नोव्हेंबर रोजी सुमारे ६० टक्के मतदारांनी त्यास संमती दिली. २७ फेब्रुवारी २०२४ च्या निवडणुकीपूर्वी राज्यभर प्रथमच नऊ दिवसांचे मतदान झाले.

वाचक म्हणतील, प्रतिज्ञापत्राची सवलत कायद्यात पूर्वीपासून होतीच. मग एवढा खटाटोप कशासाठी? कायद्यात असलेली सवलत विधिमंडळ नवा कायदा करून काढून घेऊ शकते. मिशिगनच्या घटनेतील कलम मात्र मतदारांच्या संमतीवाचून बदलत नाही. हक्क कोठे लिहिला आहे, यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

आपणांस कलम लिहिता येत नाही. परंतु मतदारयादीत आपले व घरातील म्हाताऱ्यांचे नाव आहे की नाही, हे पाहता येते. निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता वाचकांनी ते या आठवड्यातच पाहावे, अशी आमची विनंती आहे.